पोलिसावर नाहीतर साहेबावर केस करायचीय? आधी पोच घ्या

आमचा चुलत भाऊ मंगळवारचा बाजार करून, दोन शेळ्या विकून गाडीवर घरी येत होता, त्याला फाट्यावरूनच उचलला. गावात कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती अन् कुणीतरी याचं नाव घेतलं, झालं. मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार दुपार पोरगं ठाण्यात. अटक दाखवली नाही, कोर्टात नेलं नाही, कागद एकही नाही. सोडलं तेव्हा चपला हातात धरून अनवाणी घरी आला, कारण तळपाय इतके सुजलेले की चपलेत जाईनात. चुलतीनं विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला, हळद लावली, अन् आम्ही शिकलेसवरलेले सगळे ओट्यावर बसून "सुटून आला हेच लई झालं" म्हणत बसलो. चार दिवसांनी दवाखान्यात नेला तोवर सूज उतरलेली. डॉक्टरनं तपासलं, गोळ्या लिहिल्या, कागदावर मारहाणीचा शब्द नाही. अर्धी केस तिथंच गेली.

उरलेली अर्धी आम्ही स्वतःच घालवली. वरच्या ऑफिसात तक्रार अर्ज द्यायला गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "साहेब मीटिंगला गेल्यात, ठेवून जावा, देतो." ठेवून आलो. महिन्यानं चौकशीला गेलो तर असा अर्ज आवकला दिसतच नाही म्हणे. रजिस्टर उघडून दाखवलं, त्या तारखेला आमच्या नावाची ओळ नव्हतीच. तो अर्ज फायलीत गेला का चहाच्या पेल्याखाली, देव जाणे.

मी वकील नाही, खत-बियाणाचं दुकान आहे माझं. पण त्या भानगडीत दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या घासल्या अन् मग गावातलं कुणीही अडकलं की माझ्याकडं यायला लागलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. वकिलाला पर्याय म्हणून नाही, वकिलाकडं जाताना हातात काय पाहिजे ते कळावं म्हणून.

आधी एक समजून घ्या. अमेरिकेत १८७१ सालचा एक कायदा आहे, तिकडं त्याला सेक्शन १९८३ म्हणतात (ते साल नाही बरं का, कलमाचा नंबर आहे), त्यात सरकारी अधिकार वापरून कुणी तुमचा हक्क मोडला तर थेट त्या माणसावर दिवाणी दावा लावता येतो. अर्थात तिकडच्या कोर्टांनीच अधिकाऱ्यांना वाचवायला एक ढाल पण तयार करून ठेवलीय, क्वालिफाइड इम्युनिटी म्हणतात तिला, त्यामुळं तिकडं सगळं गोडगोड आहे असं नाही. पण निदान दरवाजा एक आहे. आपल्याकडं वाडा एक, दरवाजे चार, अन् प्रत्येकाला वेगळं कुलूप. फौजदारी केस, हायकोर्टातली रिट (हक्क मोडल्याबद्दल सरकारविरुद्ध थेट हायकोर्टात याचिका), दिवाणी दावा अन् मानवी हक्क आयोग. कोणाची मुदत सहा महिने, कोणाची एक वर्ष, कोणाच्या आधी नोटीस लागते. आणि चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो, कागद काय आहे?

माणूस आत असतानाच काय करायचं

कुणाला उचलल्याचं कळलं की पहिल्यांदा ११२ ला फोन लावा. लोक हसतात, पोलिसांनीच नेलं अन् पोलिसांनाच फोन? पण त्या कॉलची वेळेसकट नोंद राहते, अन् पुढं "आम्ही याला आणलंच नव्हतं" म्हणायची सोय उरत नाही. मग ठाण्यात जा, एकटं नाही, दोघं-तिघं, त्यात एक जरा वयस्क माणूस असू द्या. आवाज चढवू नका, निस्तं विचारा: अटक केलीय का, कोणत्या गुन्ह्यात, गुन्हा नंबर काय, अटकेची वेळ काय. जे उत्तर मिळेल ते तारीख-वेळ टाकून तिथंच मोबाईलमध्ये लिहा अन् घरच्या ग्रुपवर टाका, तोच पुढं तुमचा रोजनामा होतो. व्हिडिओ काढला तर मोबाईल हिसकावतील ही भीती खरी आहे, पण ठाण्यात रेकॉर्डिंग करणं म्हणजे सरकारी गुपितांच्या कायद्याखाली (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) गुन्हा होत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलंय. तरी माझं मत विचाराल तर त्या वेळी व्हिडिओसाठी भांडत बसू नका, आत आपला माणूस आहे.

नियम काय आहेत ते थोडक्यात. संविधानाचं कलम २२ सांगतं की अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं. अटक कशासाठी हे सांगायचं, वकील भेटू द्यायचा. डी. के. बसू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९९६ मध्ये अकरा सूचना घालून दिल्या: अटकेचा पंचनामा अन् त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी, असं सगळं. यातलं बरंच आता नव्या कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आलंय (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, म्हणजे सीआरपीसी, गेली, कलमांचे नंबर सगळे बदलले, वकील लोक पण अजून दोन्ही नंबर बोलतात). सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सरसकट अटक नाही, आधी कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं, ही २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाची गोष्ट. बाईमाणूस असेल तर सूर्यास्तानंतर अन् सूर्योदयाआधी अटक नाही, अगदीच अपवाद असला तर महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन. साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचं असेल तर बाईला, १५ वर्षांखालच्या पोराला अन् साठीच्या पुढच्या माणसाला ठाण्यात बोलवता येत नाही, त्यांच्या घरी जावं लागतं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्या, अन् माणसाला कळणाऱ्या भाषेत द्या. म्हणजे मराठीत मागायला लाजायचं काही कारण नाही.

२४ तास उलटले अन् माणूस ना घरी ना कोर्टात, तर वकिलाला सांगा हेबियस कॉर्पस टाका, म्हणजे माणसाला कोर्टापुढं हजर करा अशी याचिका. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, जालना रोडवर. १९८१ ला हे खंडपीठ सुरू झालं म्हणून बरं, नाहीतर किनवट-माहूरच्या माणसानं थेट मुंबई गाठायची म्हणजे झालंच.

अन् एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही. रिमांडला उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" तेव्हा पोरं मान हलवून नाही म्हणतात, कारण ज्यानं मारलं तोच शेजारी उभा असतो. ते "नाही" कागदावर येतं अन् पुढं प्रत्येक कोर्टात तोंडावर फेकलं जातं. घरच्यांनी आधीच वकिलाला सांगून ठेवा, मारलं असेल तर वकिलानं स्वतः उभं राहून सांगायचं, अंगावरच्या खुणा दाखवायच्या, वैद्यकीय तपासणीचा आदेश मागायचा.

सुटून आल्यावरचे पहिले दोन दिवस

आंघोळ, शेक, हळद सगळं नंतर. आधी सरकारी दवाखाना. ग्रामीण रुग्णालय असेल, जिल्हा रुग्णालय असेल, जिथं एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे मारहाणीसारख्या प्रकरणाची डॉक्टरनं केलेली कायदेशीर नोंद) होते तिथं. केसपेपर काढतानाच सांगायचं की एमएलसी करा, पोलिसांनी मारलंय. बरेचदा डॉक्टर कचरतात, म्हणतात आधी ठाण्याचं पत्र आणा. पत्र लागत नाही, तपासून नोंद करणं त्यांचं काम आहे, गोड बोलून पण हटून सांगा. "पडल्यामुळे" असा शब्द लिहिला का ते तिथंच वाचून बघा, लिहिला असेल तर तिथंच बोला. सुजेचे, वळांचे फोटो काढा, शेजारी पट्टी नाहीतर नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो, अन् मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॅपवरून पाठवलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे.

मग सीसीटीव्ही. हे सगळ्यात मोठं हत्यार आहे अन् सगळ्यात लवकर हातातून निसटतं. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की प्रत्येक ठाण्यात, लॉकअप, वऱ्हांडा, आत येण्या-जाण्याचे दरवाजे सगळीकडं कॅमेरे पाहिजेत अन् रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष. प्रत्यक्षात काय, कॅमेरा बंद होता, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवायचं मशीन) दुरुस्तीला गेलाय, वीज नव्हती. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत लेखी मागणी करायची, म्हणजे नंतर फुटेज गायब झालं तर तुमची मागणी असताना गायब झालं असं कोर्टाला दाखवता येतं. आमच्याकडं लोक वापरतात तो मजकूर असा, नावं-तारखा आपल्या टाका:

"मा. पोलीस अधीक्षक साहेब, यांसी. विषय: ठाण्याचे सीसीटीव्ही फुटेज जतन करणेबाबत. अर्जदार विनंती करतो की, दिनांक अमुक रोजी सायंकाळी ७ वाजेपासून ते दिनांक अमुक रोजी दुपारी ३ वाजेपर्यंत अमुक पोलीस ठाण्याच्या मुख्य दरवाजा, ठाणे अंमलदार कक्ष, लॉकअप व मागील वऱ्हांडा येथील सीसीटीव्ही फुटेज, तसेच त्याच काळातील स्टेशन डायरीच्या नोंदी व लॉकअप रजिस्टर जतन करण्यात यावे. सदर काळात माझा भाऊ यास अटक न दाखवता ठाण्यात ठेवून मारहाण करण्यात आली आहे. सदर पुरावा नष्ट झाल्यास त्याची जबाबदारी संबंधितांची राहील."

दोन प्रती काढायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख अन् आवक क्रमांक. हीच पोच. पोच देत नसतील तर वाद घालू नका, सरळ पोस्टात जा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणून आता स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा, मोबाईलवर ट्रॅकिंग बघून "पोहोचले" दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट काढा. सोबत एसपींच्या ऑफिसच्या ईमेलवर पण टाका. तिन्ही केलं तरी चालतं, जास्त कागदानं आजवर कुणाची केस पडलेली नाही.

त्याच आठवड्यात स्टेशन डायरीच्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. एरवी ३० दिवस लागतात पण जीविताचा नाहीतर स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यायची असा कायदा आहे, अर्जात वरच ठळक लिहा. माहिती देवो नाही तर नाकारो, नकाराचं पत्र पण कामाचं असतं. "अशी नोंद आढळून येत नाही" असं सही-शिक्क्याचं पत्र आमच्या हाती आलं तेव्हा वकील पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आता कसं! माणूस दोन रात्री ठाण्यात होता याला अकरा साक्षीदार, अन् डायरीत ओळ नाही, हे त्यांनीच लिहून दिलं."

चार दरवाजे

फौजदारीचा रस्ता आधी सांगतो, कारण बहुतेक लोक तिकडंच धावतात. ठाण्यात फिर्याद घेणार नाहीत हे गृहीतच धरा. तरी आधी ठाण्याला द्यायची, नाही घेतली तर एसपीला, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली, अन् तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं कलम १७५(३) चा अर्ज, सोबत शपथपत्र. ही शिडी पायरी पायरीनं चढावी लागते, पायरी गाळली की अर्ज फेटाळला जातो, अन् प्रत्येक पायरीचा पुरावा म्हणजे पुन्हा तीच पोच. नव्या कायद्यात सरकारी माणसासाठी एक उंबरठा वाढवलाय, १७५(४): ड्यूटीवर असताना घडलेल्या गोष्टीची तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेट आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतात अन् त्याचं स्वतःचं म्हणणं ऐकतात, मग तपासाचा आदेश. म्हणजे तुमची तक्रार आधी त्याच्याच साहेबाच्या टेबलावर जाऊन येणार. चिडून उपयोग नाही, तेवढा वेळ धरूनच चाला.

कलमं कोणती लागतात? कबुली काढायला मारहाण केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२०. कायद्याविरुद्ध आहे हे माहीत असून डांबून ठेवलं तर २५८, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाईवरच्या अत्याचारासारख्या ठरावीक गुन्ह्यांत फिर्यादच नोंदवून घेतली नाही तर १९९, त्यात सहा महिन्यांपासून दोन वर्षं. पीडित अनुसूचित जाती-जमातीतला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ आहे, काम टाळणाऱ्या सरकारी नोकरासाठी खास, ते अर्जात लिहायला लोक विसरतात.

आणि मग सँक्शन. पूर्वीचं सीआरपीसीचं कलम १९७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं २१८. ड्यूटी करताना केलेल्या कामाबद्दल खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी पाहिजे. पूर्वी ही फाइल मंत्रालयात वर्षानुवर्षं झोपायची. आता १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाही घेतला तर मंजुरी दिली असं धरायचं, असं कलमातच लिहिलंय. म्हणून मंजुरीचा अर्ज पोहोचल्याची तारीख सोन्यासारखी जपा, त्या दिवसापासून मोजायचं. लॉकअपमध्ये तंगड्या बांधून मारणं ही काय ड्यूटी आहे का, मंजुरी कशाला, असा युक्तिवाद वकील करतात अन् तो बरेचदा चालतो, पण सरसकट नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की कामाच्या ओघात हात जरा जास्त चालला असेल अन् त्याचा कामाशी वाजवी संबंध असेल तर संरक्षण मिळू शकतं. त्यामुळं तक्रारीत अटक कशी बेकायदा होती, नोंद कशी नव्हती हे आधी मांडा, मारहाण त्याच्या मागून.

हायकोर्टाचा रस्ता मला सगळ्यात धारदार वाटतो. संविधानाच्या कलम २२६ खाली रिट. इथं नुकसानभरपाई पण मिळते, अन् ती अधिकाऱ्याच्या आधी शासनाकडून. १९८३ ला बिहारच्या रुदल शाहला, निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात ठेवलं होतं, सुप्रीम कोर्टानं आधीच्या ५ हजारांवर आणखी ३० हजार दिले, अन् इथून हे सुरू झालं. १९९३ ला ओडिशाच्या नीलाबती बेहरांना दीड लाख, त्यांचा २२ वर्षांचा पोरगा पोलीस ताब्यात होता अन् दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर हातकडीसकट सापडला. सरकार तोवर "सार्वभौम काम होतं, आम्ही जबाबदार नाही" म्हणायचं, मूलभूत हक्काच्या प्रश्नात ती पळवाट चालणार नाही असं त्या निकालात स्पष्ट झालं. अन् २०१८ ला इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख, अटक १९९४ ची. चोवीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा.

आपल्या भागातलंच बघायचं तर परभणी. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर धरपकड झाली, त्यात कायद्याचं शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना वारले. त्यांची आई खंडपीठात गेली अन् जुलै २०२५ मध्ये कोर्टानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, शासन सुप्रीम कोर्टात गेलं तरी तो त्याच महिन्यात कायम राहिला. तिथं शवविच्छेदनाचा अहवाल अन् मॅजिस्ट्रेटची चौकशी हे कागद हातात होते. रिटची मेख इथंच आहे, हायकोर्ट साक्षीदार तपासत बसत नाही. तुम्ही म्हणता मारलं, ते म्हणतात नाही मारलं, एवढंच असेल तर कोर्ट सांगणार खालच्या कोर्टात जा. म्हणून एमएलसी, फुटेज, डायरीचं पत्र.

दिवाणी दावा लोक विसरतातच. थेट अधिकाऱ्यावर अन् महाराष्ट्र शासनावर भरपाईचा दावा, आपल्या जिल्ह्यातल्या कोर्टात. पण आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस अन् दोन महिने थांबायचं. शासनाची नोटीस जिल्हाधिकारी कार्यालयात दिली तरी चालते, मुंबईला जायची गरज नाही. अधिकाऱ्याची त्याच्या ऑफिसात. आता मुदत बघा. बेकायदा डांबल्याची भरपाई मागायला एक वर्ष, खोट्या खटल्यात गोवल्याची एक वर्ष, ही तो खटला सुटल्यापासून. पण पोलीस असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ आडवं येतं, अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांत दावा नाही लावला तर तो चालवूच नका, अन् आधी एक महिन्याची नोटीस. हे कलम लागू होतं का नाही यावर वकील भांडतील, भांडू द्या, आपण मात्र सहा महिने हीच मुदत धरून चालायचं. आमचे पाच महिने "मिटेल मिटेल" करण्यात गेले होते. नोटिशीचा एक महिना धरला तर आमच्या हातात अक्षरशः चार दिवस उरले होते, वकिलाच्या टायपिस्टनं रात्री अकराला नोटीस टाइप केली.

चौथा, राज्य मानवी हक्क आयोग, मुंबईत. फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहून पोस्टानं पाठवता येतं. घटनेपासून एक वर्षाच्या आत. आयोग भरपाईची, कारवाईची शिफारस करतो, आदेश नव्हे, तेवढा फरक आहे. कोर्टात तेच प्रकरण चालू असेल तर आयोग सहसा हात लावत नाही, म्हणून आधी कुठं जायचं ते ठरवून घ्या.

खाकी नसलेले साहेब

सगळं पोलिसांवरच लिहिलं, पण तहसील, नगरपालिका हेही आलंच. अतिक्रमण म्हणून घर पाडायला जेसीबी आला तर पहिल्यांदा नोटीस मागा. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग लेखी आदेश, त्यानंतरही १५ दिवस, अन् पाडताना व्हिडिओ शूटिंग. हे मोडलं तर कोर्टाचा अवमान, शिवाय घर पुन्हा उभारायचा खर्च त्या अधिकाऱ्याच्या खिशातून. पण रस्ता, फूटपाथ, रेल्वे लाइन, नदी-नाला यांच्या जागेवरचं बांधकाम असेल किंवा कोर्टाचाच आदेश असेल तर हे संरक्षण नाही, त्यामुळं आपली जागा कशात मोडते ते आधी बघा.

मोर्च्याच्या, मंत्र्याच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री कार्यकर्त्यांना नोटिसा येतात, जुनी १४९, आता १६८, अन् सकाळी "चला साहेबांनी बोलावलंय". कलम १७० खाली, म्हणजे आपण ज्याला अजून १५१ म्हणतो, त्यात २४ तासांच्या पुढं ठेवता येत नाही. ती नोटीस फाडून फेकू नका, तीच पुढं पुरावा आहे.

हद्दपारीचं तर विचारूच नका, पुढाऱ्याच्या विरोधात बोलला की प्रस्ताव तयार. आदेशावर ३० दिवसांत शासनाकडं अपील करता येतं. जालन्याच्या एका माणसाची दोन वर्षांची हद्दपारी सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये रद्द केली, सांगितलं की हे असाधारण हत्यार आहे, उठसूट वापरायचं नाही, अन् कमाल दोन वर्षं लावली तर तेवढीच का लावली त्याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत. आदेशाची प्रत हातात आली की पहिल्यांदा कारणंच वाचा.

पैसे अन् मिटवामिटवी

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, कोठडीत असलेला असेल तर उत्पन्न न बघता वकील फुकट, कोर्ट फी पण ते भरतात. १५१०० ला फोन केला तरी सांगतात. वकील मन लावून काम करील का हे नशिबावर, आम्हाला भेटलेली पोरगी मात्र वाघीण होती, कोर्टातनं येता-जाता फोन करून "तो आवक क्रमांकाचा कागद सापडला का हो दादा" विचारायची.

नोटीस गेली की आठवडाभरात निरोप येतो. आमच्याकडं सरपंचाच्या ओट्यावरनं आला. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, मग विषय निघाला, "आपलाच माणूस आहे तो साहेब, पोराची नोकरी जाईल, कशाला वाढवायलाव?" दहा हजार देतो म्हणाले. सोबत टाइप केलेला कागद तयारच होता, शंभराच्या स्टॅम्पवर. त्यात लिहिलेलं की सदर तारखेला मी स्वखुशीने ठाण्यात गेलो होतो, मला कोणतीही मारहाण झाली नाही, गैरसमजातून अर्ज दिला. मिटवायचं का नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, गावात राहायचंय, शेती शेजारीच आहे, मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण मिटवायचंच असेल तर आपल्या वकिलानं लिहिलेला कागद, त्यात "मारहाण झाली नाही" हे वाक्य नको, "पुढे तक्रार चालवायची नाही" एवढंच, अन् पैसे बँकेत. "मारहाण झाली नाही" वर सही केली की उद्या उलट खोट्या तक्रारीची केस तुमच्यावरच लागू शकते.

चुलत्यानं चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, घडी घातली अन् खिशात टाकला. ते म्हणाले परत द्या, सही करायची नसेल तर. चुलता म्हणाला, "राहू द्या, वकीलबाईला दाखवतो." तो कागदही आता आमच्या फायलीत आहे, अनुक्रमांक १७.